ग्रीक न येणाऱ्या वर्गाला सॅफो कशी शिकवावी?

एका तरुण प्राध्यापिकेचा प्रश्न असा: "एम.ए.च्या तौलनिक साहित्याच्या वर्गाला यंदा मला प्राचीन ग्रीक गीतकाव्य, म्हणजे सॅफो ही कवयित्री आणि तिच्यासारखे इतर कवी, शिकवायचं आहे. बारा तासिका मिळाल्या आहेत. मुलं मराठी माध्यमातली, ग्रीक कुणालाच येत नाही, मलाही अक्षरओळखीपुरतंच येतं. पहिल्याच दिवशी मुलं म्हणाली, हे सगळे तुकडेच आहेत, यात शिकायचं काय? सुरुवात कुठून करू?"

सुरुवात टाळीने करा. नकाशा, सनावळी, कवींची नावं हे सगळं नंतर. पहिल्या तासाला मुलांना एकच ओळ द्या आणि सगळा वर्ग ती एका ठेक्यात म्हणेपर्यंत तिचा अर्थसुद्धा सांगू नका.

मी सुरुवातीची काही वर्षं उलट्या क्रमाने शिकवलं. पहिल्या तासाला फळ्यावर इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रीक पंडितांनी ठरवलेले नऊ गीतकवी लिहायचे: आल्कमान, सॅफो, आल्काइओस, स्तेसिखोरोस, इबिकोस, आनाक्रेऑन, सिमोनिदीस, पिंडर, बाक्खिलिदीस. मग त्यांचा काळ, मग बोली, मग वाद्यं. महिनाभराने मुलांना सॅफोचं शतक सांगता यायचं, पण तिची एकही ओळ कुणाच्या तोंडी नसायची. जे काव्य मुळात गाण्यासाठी रचलं गेलं, त्याची ओळ तोंडी बसली नसेल तर शिकवणं झालंच नाही, असं मी आता मानते.

तर ही ओळ घ्या. सॅफोच्या ३१ क्रमांकाच्या कवितेची पहिली:

फाइनेताइ मोइ केनोस इसोस थेओइसिन

फळ्यावर ती फोडून लिहा. फाइ, ने, ताइ, मोइ, के, नो, सि, सोस्, थे, ओइ, सिन्. अकरा अक्षरं झाली. आता मराठी मुलांना एक अडचण येणार, ती आधीच सांगून टाकलेली बरी. आपल्या वृत्तांत ए आणि ओ नेहमी गुरु. ग्रीकमध्ये ऱ्हस्व ए निराळा आणि दीर्घ ए निराळा, तसंच ओचं. त्यांना अक्षरंही वेगळी आहेत: एप्सिलॉन आणि ईटा, ऑमिक्रॉन आणि ओमेगा. देवनागरीत लिहिलं की हा भेद पुसला जातो. म्हणून मी लघु अक्षरांभोवती रंगीत खडूने गोल काढते. या ओळीत गोल चारच: ने, नो, सि, थे. बाकीची सगळी गुरु. 'सोस्' गुरु का, हे मुलं स्वतःच सांगतात: स् आणि थ् लागोपाठ आले, आणि जोडाक्षराआधीचं अक्षर गुरु हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

गुरुला टाळी, लघुला चुटकी. गा ल गा गा गा ल ल गा ल गा गा. दहा मिनिटं हेच. मग गण पाडायला सांगा. र, त, ज, ग, ग. आणि लगेच विचारा, इंद्रवज्रेचे गण कोणते? त, त, ज, ग, ग. इथे वर्ग जागा होतो. मी हा तास कितीतरी वेळा घेतला आहे आणि दर वेळी कुणीतरी उठून फळ्यापाशी येतं आणि बोटाने मोजून बघतं. लेस्बॉस बेटावर इसवी सनपूर्व ६०० च्या आसपास रचलेली ओळ आणि शाळेत चालीवर म्हटलेलं इंद्रवज्रा यांच्यात फरक एवढाच, की दुसरं आणि तिसरं अक्षर आपापसांत जागा बदलतात. चौथ्यापासून अकराव्यापर्यंत सगळं जसंच्या तसं. सॅफोकडे चौथं अक्षर लघुही चालतं, एवढी मोकळीक जास्त.

यामागचं कारण मुलं विचारणारच. आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९२३ साली असं मांडलं, की वैदिक छंद आणि ग्रीक वृत्तं एकाच जुन्या इंडो-युरोपीय परंपरेतून उतरली. आपलं इंद्रवज्रा त्रिष्टुभ या वैदिक छंदाच्या घराण्यातलं, आणि त्रिष्टुभाच्या चरणात अक्षरं अकराच. त्याच्याही आधी, १८५३ मध्ये, आडालबेर्ट कून याने ग्रीक 'क्लेओस आफ्थितोन' आणि ऋग्वेदातलं 'श्रवः अक्षितम्' हे एकाच जुन्या शब्दजोडीचे दोन वंशज म्हणून शेजारी ठेवले होते. दोन्हींचा अर्थ न झिजणारी कीर्ती, आणि दोन्हींतले शब्दही एकाच धातूंचे. ही शब्दजोडी होमरकडे आहे, आणि सॅफोने ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर आणि आन्द्रोमाखी यांच्या लग्नावर रचलेल्या गाण्यातही. छंदांच्या बाबतीत मेयेचं म्हणणं कितपत स्वीकारायचं यावर आजही वाद आहे, तो वाद म्हणूनच सांगा. आणि 'म्हणजे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलं' असा सूर निघाला तर तो तिथल्या तिथे थांबवा. दोन बहिणींचे चेहरे सारखे असले म्हणून त्यांतली एक दुसरीची आई ठरत नाही.

उच्चाराचीही एक गोष्ट इथेच उरकून घ्या. सॅफोच्या काळी फ, थ, ख हे महाप्राण होते, आपल्यासारखे. युरोपातल्या विद्यार्थ्याला ते शिकावे लागतात, आपल्या मुलांना येतातच. फक्त 'फाइ' म्हणताना ओठ मिटले पाहिजेत, फणसातल्या फ सारखे. हल्ली दात ओठावर ठेवून फ म्हणायची सवय झाली आहे, ती या तासापुरती सोडायला सांगा.

अशा तीन ओळी झाल्या की चौथी येते फक्त पाच अक्षरांची, गा ल ल गा गा. कान अकराची वाट बघत असतो आणि ओळ पाचातच बसते. हे कडवं चार-पाचदा टाळीवर म्हटल्यावर मगच अर्थ सांगा: तो माणूस मला देवांच्या तोडीचा वाटतो, जो तुझ्यासमोर बसून तुझं गोड बोलणं इतक्या जवळून ऐकतो. पुढे तिच्या अंगाचं काय होतं ते ती एकेक करून सांगते. आवाज फुटत नाही, कातडीखाली बारीक आग धावते, डोळ्यांना दिसत नाही, कान घणघणतात, घाम सुटतो, थरकाप होतो, गवतापेक्षा फिकी पडते. त्यात एक जागा आहे, 'ग्लोस्सा एआगे', जीभ मोडली. इथे दोन स्वर एकमेकांवर आदळतात आणि ठेका तुटतो. काही अभ्यासक म्हणतात ही नकलाकाराची चूक, काही म्हणतात हे मुद्दाम आहे, जीभ अडखळली म्हणून ओळही अडखळली. कोणतं खरं याचा निकाल लागलेला नाही. पण हा वाद समजायला आधी ती ओळ ठेक्यात म्हणता यायला हवी. भाषांतर वाचलेल्या मुलाला तिथे काहीच अडत नाही.

आता एका शब्दाबद्दल. आपण मराठीत या काव्याला सहज 'भावगीत' म्हणतो आणि तिथेच अर्धी फसगत होते. भावगीत म्हटलं की एकटा कवी, त्याचं मन, त्याची हुरहुर असं चित्र उभं राहतं. ग्रीकांकडे गाणं बहुतेक कशासाठी तरी असायचं, कुणासमोर तरी असायचं. लग्नाचं गाणं, मद्यपानाच्या बैठकीतलं गाणं, मेलेल्यासाठी विलापगीत, स्पार्टात मुलींनी रांगेत नाचत गायचं गाणं, कुस्ती जिंकून आलेल्या पोराच्या स्वागताचं गाणं. गीतप्रकारांची नावंच बरीचशी प्रसंगावरून पडलेली आहेत. आपल्या मुलांना हे समजवायला परदेशी उदाहरण लागत नाही. मंगलाष्टकं लग्नामुंजीत म्हणतात, पाळणा बारशाला. जात्यावरची ओवी दळताना सुचते, तिच्यात 'मी' असतो, पण तो 'मी' म्हणणारीचा असतो आणि तीच ओवी उद्या दुसरीच्या तोंडी गेली की तो 'मी' तिचा होतो. सॅफोच्या 'मी' कडे असंच बघायला शिकवा. तिच्या नावावर पुढे रचलेल्या कहाण्या, फाओन नावाच्या नावाड्यासाठी कड्यावरून उडी वगैरे, परीक्षेपुरत्याही देऊ नका. त्या कहाण्या तिच्या कवितेतून आलेल्या नाहीत, आणि मुलांच्या डोक्यात एकदा बसल्या की कविता वाचायची राहून जाते.

प्रसंगातून गाणं कसं उगवतं ते दाखवायला माझी सर्वांत आवडती जागा सिमोनिदीसची आहे. दानाएला आणि तिच्या तान्ह्या पेर्सेउसला तिच्याच बापाने पेटीत घालून समुद्रात सोडलंय. रात्र आहे, वारा सुटलाय, लाट उसळतेय, आणि मूल जांभळ्या दुपट्यात गाढ झोपलंय. ती त्याला जवळ घेते आणि म्हणते:

हेउदे ब्रेफोस, हेउदेतो दे पोन्तोस, हेउदेतो द' आमेत्रोन काकोन

नीज बाळा. पुढच्या दोन क्रियापदांपाशी थांबा, कारण इथे मराठी आपल्या मदतीला येते. 'हेउदेतो' हे तृतीयपुरुषी आज्ञार्थाचं रूप. इंग्रजीला त्यासाठी जोडशब्द लागतो. आपल्याकडे तेच काम एका प्रत्ययाने होतं: निजो. पसायदानातलं 'सांडो', 'वाढो', 'पाहो' हे त्याच घडणीचं, आणि पसायदान आपल्या मुलांना पाठ असतं. म्हणून ही ओळ मराठीत अशी बसते: नीज बाळा, समुद्र निजो, आणि माप नसलेलं हे दुःख निजो. बाळ, समुद्र, दुःख, तिघांना एकाच क्रियापदाने थोपटलंय. मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी हळू आवाजात ते अंगाईच्या चालीवर म्हणून बघत होती. तिला पुढे बोलावलं. तिने वर्गाला ते तिच्या आजीच्या चालीवर म्हणून दाखवलं, 'दुःख निजो' वर आवाज खाली नेत. सिमोनिदीसची चाल ही नव्हती, आणि ते मी वर्गाला सांगितलं. पण अंगाईचं काम त्या ओळीकडून कसं होतं हे त्या दोन मिनिटांत सगळ्यांना कळलं.

हे गाणं आपल्यापर्यंत आलं कसं, तेही सांगा. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात रोममध्ये राहणाऱ्या दिओनिसिओस या हालिकार्नासोसच्या अलंकारशास्त्रज्ञाने ते उतरवून ठेवलं, तेही ओळी न पाडता, गद्यासारखं सलग. वाचकाला त्यात वृत्त सापडतं का बघा, असं त्याचं आव्हान होतं. तुम्हीही मुलांना भाषांतर सलग टंकून द्या आणि ओळी त्यांनाच पाडू द्या. प्रत्येकाच्या ओळी वेगळ्या येतात आणि मग प्रत्येकाला आपली ओळ तिथेच का तोडली याचं उत्तर द्यावं लागतं.

'निजो' मधल्या त्याच 'ओ' च्या जोरावर आर्खिलोखोसही एका तासात होतो. तो पारोस बेटाचा, इसवी सनपूर्व सातव्या शतकातला. काटेकोर बोलायचं तर त्याची ही कविता गीत नव्हे, विलापिकेच्या वृत्तातली आहे, पण अभ्यासक्रमात तिला जागा द्या. लढाईत झुडपापाशी ढाल टाकून पळ काढावा लागला, आता कुणी थ्रेसचा गडी ती मिरवतोय. पण मी जिवंत आहे. 'एर्रेतो', म्हणजे जळो ती ढाल! तितकीच चांगली दुसरी घेईन. 'जळो' शिवाय इथे दुसरा शब्द शोधू नका. आपल्या घराघरांत तो जसा पडतो, त्याच आवाजात ती ओळ म्हटली पाहिजे.

आता भाषांतराबद्दल जरा सविस्तर, कारण ग्रीक न येणाऱ्या वर्गाला खरं ग्रीक इथेच भेटतं. सॅफोची १ क्रमांकाची कविता घ्या, प्रेमदेवता आफ्रोदितेची प्रार्थना. तिची हीच एक कविता पूर्ण उरली आहे, तीही दिओनिसिओसच्याच कृपेने. देवी रथातून उतरते, हसते आणि विचारते, आता पुन्हा काय झालं, पुन्हा का हाक मारतेस, पुन्हा कुणाला वळवू? 'देउते', म्हणजे 'आता पुन्हा', हा शब्द तीनदा येतो. मुलांना 'पुन्हा' कुठे टाकायचं आणि 'परत' कुठे, यावर पाच मिनिटं भांडू द्या. मग देवी विचारते, सॅफो, तुझ्यावर अन्याय कोण करतंय? मूळ शब्द 'प्साप्फो' आहे, ती स्वतःचं नाव असं घेते.

गंमत इथून पुढे आहे. देवी वचन देते: आज पळतंय ते उद्या मागे लागेल, भेटी नाकारतंय ते भेटी देईल, प्रेम करत नाही ते करेल. ग्रीक क्रियापदाला लिंग नसतं. हे प्रिय माणूस बाई आहे की पुरुष, ते श्रोत्याला चोविसाव्या ओळीपर्यंत कळत नाही. तिथे एकच शब्द येतो, 'एथेलोइसा', इच्छा असणारी, स्त्रीलिंगी. जुन्या इंग्रजी भाषांतरांत तिथे सर्रास पुरुष घातलेला सापडतो. आपली मुलं पहिल्या खेपेला 'ती पळते' असं लिहितात आणि कवितेचा पडदा तीन ओळी आधीच उघडतो. त्यांना सांगा, लिंग न दाखवता मराठीत लिहा. अशक्य आहे म्हणतात. मग हळूहळू सापडतं. 'कोण अन्याय करतंय?' या नपुंसकलिंगात कुणीही मावतं. आणि भविष्यकाळी तृतीयपुरुषाला आपल्याकडे लिंग नाही. माझ्या एका वर्गाने शेवटी हे केलं:

पळत असेल, तर लवकरच मागे लागेल.
भेटी घेत नसेल, तर स्वतःच देईल.
प्रेम करत नसेल, तर लवकरच करेल,
तिच्या मनात नसलं तरी.

'तिच्या' हा शब्द शेवटच्या, आखूड ओळीत येतो, मूळात येतो तिथेच. दीड तास लागला या चार ओळींना. बारा तासिकांतला दीड तास इथे घालवायची तयारी ठेवा. मराठी व्याकरणात एवढी जागा आहे हेही मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

यावरून ओघानेच येणारा विषय टाळू नका. सॅफोच्या गाण्यांत बाईचं बाईवर प्रेम आहे. त्यावर वर्गात खसखस पिकली तर रागावू नका, पण विषयही बदलू नका. शब्दावर बोट ठेवा. कुणावर प्रेम आहे ते सर्वनाम सांगतं, प्रत्यय सांगतो, आणि जे कवितेत लिहिलंय ते आपण वाचतो. माझ्या अनुभवात, व्याकरणाचा आधार मिळाला की वर्ग शांतपणे आणि प्रौढपणे बोलतो. शिक्षकच चाचरला तर मात्र मुलांना काय समजायचं ते समजतं.

आता तुमच्या मुलांचा मूळ प्रश्न: तुकड्यांत शिकायचं काय? आधी हे सांगा की तुकडे का झाले. अलेक्झांड्रियाच्या प्रतीत सॅफोच्या एकट्या पहिल्या भागात १३२० ओळी होत्या. पुढे तिची आओलिक बोली वाचकांना जड जाऊ लागली, शाळेत अथेन्सची बोली शिकवली जायची, आणि ज्याला मागणी नाही त्याची नवी प्रत कोण करणार? तिची पुस्तकं चर्चने जाळली ही गोष्ट फार सांगितली जाते, पण तिला भक्कम पुरावा नाही. नकला न केल्याने पुस्तक मरतं, हे आपल्याकडे जुन्या वाड्यांतली बाडं पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. जे उरलं ते दोन वाटांनी. एक, दुसऱ्या लेखकांनी उद्धृत केलेलं. दोन, इजिप्तच्या कोरड्या वाळूत राहिलेले पपायरस, म्हणजे त्याच नावाच्या वनस्पतीपासून केलेले लिहिण्याचे कागद. ऑक्सिरिंखोस गावाच्या उकिरड्यावर १८९६-९७ च्या हंगामात ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज अभ्यासकांनी खणायला सुरुवात केली, तिथून निघालेलं आजही प्रसिद्ध होत आहे. एक गाणं तर फुटक्या खापरावर लिहिलेलं मिळालं.

मग हा प्रयोग करा. म्हातारपणावरची कविता घ्या, तिथोनोसची. १९२२ मध्ये ऑक्सिरिंखोसचा जो तुकडा छापला गेला, त्यात ओळींची फक्त उजवी टोकं होती. २००४ मध्ये जर्मनीतल्या कलोनच्या संग्रहातला पपायरस प्रसिद्ध झाला, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला, आणि त्यात त्याच ओळींचा उरलेला भाग निघाला. बारा ओळी जवळपास पूर्ण झाल्या. मी भाषांतराचे असेच दोन कागद करते. अर्ध्या वर्गाला फक्त उजवी टोकं देते: '...पांढरे काळ्याचे', '...पाडसांसारखे', '...काय करणार'. त्यांना वीस मिनिटं अंदाज बांधू देते. मग दुसऱ्या गटाला डावा कागद घेऊन त्यांच्याशेजारी उभं करते. दोन कागदांच्या कडा जुळतात आणि कविता मोठ्याने वाचली जाते: केस काळ्याचे पांढरे झाले, कधीकाळी हरणाच्या पाडसांसारखे नाचणारे गुडघे आता अंग पेलत नाहीत. कुरकुरते, पण काय करणार, माणूस असून म्हातारं न होणं जमत नाही. तिथोनोसला पहाटेने, गुलाबी हातांच्या देवीने, पृथ्वीच्या टोकाला नेलं, तरुण होता, देखणा होता, तरी पिकलं वय त्याला गाठून गेलं, बायको अमर असूनही. त्या पहाटदेवीचं ग्रीक नाव एओस, आणि आपली उषस् तिची सख्खी नात्यातली, शब्द एकच. हे सांगितलं की वर्गातल्या संस्कृतवाल्या मुलांचे डोळे चमकतात.

पण खरा प्रश्न त्यानंतर येतो. कलोनच्या कागदात कविता तिथोनोसपाशी थांबते आणि पुढे दुसरंच काही सुरू होतं. ऑक्सिरिंखोसच्या कागदात पुढे आणखी ओळी आहेत, आणि त्यांत सूर्यावरचं, सुंदरतेवरचं प्रेम बोललं जातं. मग कविता संपते कुठे? म्हाताऱ्या नवऱ्याच्या चित्रावर, की उन्हावरच्या प्रेमावर? या दोन वेगळ्या कविता होतात. वर्गाचे दोन तट पडतात आणि पडू द्यावेत. 'तुकड्यांत काय शिकायचं' हा प्रश्न त्या दिवसानंतर मला पुन्हा कुणी विचारलेला नाही.

दोन पथ्यं मात्र पाळा. छापील आवृत्तीत चौकोनी कंस असतात, ते गळालेल्या मजकुराचे. भाषांतर देताना तेही द्या. कंस काढून, दोन शब्द इकडून तिकडून जोडून गुळगुळीत केलेली भाषांतरं आंतरजालावर ढिगाने आहेत, त्यांपासून वर्ग लांब ठेवा. दुसरं, नव्याने सापडलेल्या पपायरसांबद्दल सांगताना ते आले कुठून हेही विचारायला शिकवा. २०१४ मध्ये सॅफोच्या नव्या ओळी जाहीर झाल्या तेव्हा जगभर आनंद झाला होता. पुढे त्या पपायरसच्या मालकीच्या इतिहासावर गंभीर शंका निघाल्या आणि २०२१ मध्ये त्यावरचं एका पुस्तकातलं प्रकरण प्रकाशकाने मागे घेतलं. आपल्या देशातून मूर्ती कशा जातात हे माहीत असलेल्या मुलांना हा प्रश्न लगेच उमगतो.

पिंडरसाठी दोनच तास ठेवा, आणि एकच गीत. त्याची ४५ विजयगीतं आहेत, सगळी चाळायला गेलात तर हाताला काही लागणार नाही. मी आठवं पीथियन गीत (डेल्फीच्या पीथियन खेळांतल्या विजयाचं) घेते, इसवी सनपूर्व ४४६ चं, आयगिना बेटाच्या आरिस्तोमेनीस या मुलाने कुस्ती जिंकली त्यावरचं. पोवाड्याशी तुलना मुलं आपणहून करतात, करू द्या, पण फरकही दाखवा. शाहीर प्रसंग सांगतो, पायरी पायरीने चढत जातो. पिंडर उड्या मारतो, आणि श्रोत्याला कथा माहीत आहे असं धरून चालतो. चार प्रतिस्पर्धी चीत केले असं म्हणून तो लगेच त्या हरलेल्या पोरांकडे वळतो: ती आईकडे परतली तेव्हा गोड हसू नव्हतं, ती गल्लीबोळांतून, शत्रूची नजर चुकवत घरी गेली. जिंकणाऱ्याच्या पैशांवर रचलेल्या गाण्यात हरलेल्यांसाठी एवढी जागा! मग येतं ते प्रसिद्ध वाक्य, सावलीचं स्वप्न म्हणजे माणूस. शिक्षक बहुतेक इथेच थांबतात. थांबू नका. पुढच्याच शब्दांत तो म्हणतो, पण देवाने दिलेला उजेड आला की माणसांवर लख्ख प्रकाश पडतो आणि आयुष्य गोड होतं. दोन्ही वाक्यं एका श्वासात वाचून दाखवा.

बाकीचे कवी बारा तासांत बसत नाहीत, बसवू नका. आल्काइओसचं 'प्यायला बसू, दिव्यांची वाट कशाला, दिवस बोटभर उरलाय' हे मात्र एखाद्या संध्याकाळच्या तासाला म्हणून टाका, त्याला विवेचन लागत नाही.

एक तास सफरचंदासाठी राखा. सॅफोच्या तीनच ओळी आहेत, नवरीवरची उपमा असं मानतात. मी पहिल्या दोन सांगते: गोड सफरचंद शेंड्यावर लाल होतंय, शेंड्याच्याही शेंड्यावर, तोडणारे त्याला विसरले. तिसरी ओळ झाकते आणि मुलांना पुरी करायला सांगते. बरीच मुलं फळाला एकटं, दुःखी करून टाकतात. एखादं त्याला खाली पाडतं. मग कागद सरकवते: नाही, विसरले नाहीत, पण हात पोचला नाही. स्वतःचंच वाक्य दुरुस्त करणारी ही ओळ आपल्याला का सुचली नाही, यावर मुलांना बोलू द्या.

परीक्षा तुमच्या हातात असेल तर निम्मे गुण तोंडी ठेवा. न पाहिलेल्या कडव्याचं लिप्यंतर, लघूंवर गोल काढून, हातात द्या. मुलाने ते ठेक्यात म्हणावं, मग भाषांतर बघून एका शब्दाबद्दल दोन मिनिटं बोलावं. 'सॅफोच्या काव्याची वैशिष्ट्ये' या प्रश्नाला मार्गदर्शिकेतून उत्तर मिळतं, याला मिळत नाही. विद्यापीठाचे नियम आड येत असतील तर निदान अंतर्गत गुणांत एवढं करा.

पहिला तास झाला की मला जरूर कळवा, ओळ कुठे अडखळली ते. बहुतेक वेळा ती 'थे' वर अडखळते, कारण आपल्या जिभेला तो दीर्घ करायची सवय असते. तिथे चुटकी जरा जोरात वाजवा.